पर्यटनाच्या संशोधकांनो, आमची उत्तरे नेलीत. आता निष्कर्ष दाखवा

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्याच्या पर्यटनावर संशोधन करणारे प्राध्यापक, पीएच.डी.चे मार्गदर्शक, संशोधक विद्यार्थी आणि त्यांचे विषय मंजूर करणाऱ्या समित्या यांस

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

नवरात्राच्या तोंडावर आमच्या लॉजवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा एक गूगल फॉर्म आला. विषय नेहमीचाच: पर्यटन व्यवसायावर इंटरनेटचा प्रभाव, विशेष संदर्भ कोल्हापूर जिल्हा. खाली विनंती होती की शंभर प्रतिसाद व्हायला थोडे कमी पडताहेत, कृपया आज रात्री आठपर्यंत भरून द्यावा. त्या क्रमांकावर मी विचारले, ''याच विषयावर आधी आमच्याकडून माहिती नेली, तिचे पुढे काय झाले? एखादा कागद वाचायला मिळेल का?'' मुलगा भला होता. सरांना विचारून सांगतो म्हणाला आणि खरोखरच कळवले. सरांचा निरोप एका ओळीचा होता: तुम्हाला त्याचा काय उपयोग?

त्या सरांचे नाव किंवा त्यांची संस्था मी इथे लिहिणार नाही. एका माणसाशीच भांडायचे असते तर फोन उचलला असता. पण हाच भाव, एवढ्या स्पष्ट शब्दांत नसेल, आजवर प्रश्नावली घेऊन आलेल्या बहुतेकांच्या वागण्यात दिसला आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांना, आणि चारचौघांत.

काय उपयोग, ते सांगते.

महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत आमचे यात्री निवास आहे. सासऱ्यांनी सुरू केले, आता मी बघते. डझनभर खोल्या, वर गच्ची, खाली काउंटर. मी बी.कॉम. आहे. रात्री उशिराच्या गाडीचा प्रवासी येईपर्यंत काउंटरवर जागावे लागते, त्या वेळात वाचते. पुतणी संख्याशास्त्र शिकते. अडले की तिला विचारते. तुमच्या विषयातले जे काही पुढे लिहिले आहे ते असे वाचून लिहिले आहे. तुम्ही ज्याला प्रतिसादक म्हणता, त्यालाही वाचता येते, एवढे गृहीत धरावे.

आता तक्रारी. सुरुवात प्रश्नावलीपासूनच करते.

'इंटरनेटमुळे आपल्या व्यवसायात वाढ झाली आहे.' पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली ही पाच पायऱ्यांची पद्धत मांडली. तिला माझा विरोध नाही. पण या वाक्याला मी काय उत्तर द्यावे? सुट्ट्यांत खोल्या पूर्वीपेक्षा जास्त भरतात, हे खरे. एका खोलीमागे हातात उरणारा पैसा कमी झाला, हेही खरे. दोन्ही एकदम सांगायला फॉर्ममध्ये जागा नाही, म्हणून मधल्या गोलावर बोट ठेवले. तुमच्या तक्त्यात मी 'तटस्थ' म्हणून जमा असेन. या बाबतीत मी जराही तटस्थ नाही.

दुसरा ठरलेला प्रश्न, 'ऑनलाइन बुकिंगचे तंत्रज्ञान आपल्याला उपयुक्त आणि वापरायला सोपे वाटते का?' पुतणीने सांगितले की याचे मूळ फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ च्या मांडणीत आहे. नोकरदार माणसे संगणकावरची नवी प्रणाली स्वीकारतील की नाही, हे कशावर ठरते ते डेव्हिस शोधत होते. आमच्यापुढे स्वीकारायचे की नाही असा प्रश्न कधी आलाच नाही. ॲपच्या यादीत नाव नसेल तर पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाच्या लेखी आम्ही नाहीच. नळाला पाणी एकाच ठिकाणाहून येत असताना 'पाणी आवडते का' असे विचारल्यासारखे आहे हे.

विचारायला हवे ते पैशाबद्दल. हा मुद्दा जरा सविस्तर मांडते, कारण माझे मूळ दुखणे इथे आहे.

पूर्वी एसटी स्टँडवर किंवा स्टेशनवर उतरलेला प्रवासी रिक्षावाला आमच्या दारात आणून सोडायचा. त्याला खोलीमागे काही रुपये द्यावे लागत. ती दलालीच होती. आज मागे वळून तिला सोवळे नेसवायचे कारण नाही. काही रिक्षावाले प्रवाशाला फिरवून फिरवून भलत्या लॉजवर नेत, भांडणे होत. पण ते पैसे गावातच राहायचे. त्याच गल्लीतल्या किराणा दुकानात, मुलाच्या फीमध्ये, गंगावेशीत दुधाच्या पेल्यावर खर्च व्हायचे. आज ॲपवाले शंभरातले वीस-पंचवीस रुपये आधीच कापून घेतात, वर 'वरच्या क्रमांकावर दिसायचे असेल तर सवलत द्या' म्हणतात, आणि ती सवलत पुन्हा आमच्याच खिशातून. हा पैसा त्याच संध्याकाळी कोल्हापूर सोडतो.

तुमच्या शास्त्रात याला गळती म्हणतात. छोट्या बेटांवरच्या पर्यटनावर यासंबंधी भरपूर लिहिले गेले आहे: हॉटेल परदेशी कंपनीचे, खाद्यपदार्थ बाहेरून आणलेले, मग पर्यटकाच्या पैशातला बेटाच्या वाट्याला येतो किती? आमच्याकडे गंमत उलटी आहे. इमारत आमची, चादरी धुणारा इथला, रश्श्याचा मसाला इथला, गूळ इथला, चप्पल इथली, देवी तर इथलीच. तरीही गळती आहे, कारण गिऱ्हाईक आणि आम्ही यांच्या मध्ये एक पडदा बसला आहे आणि त्या पडद्याचे भाडे दर मुक्कामाला द्यावे लागते. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या चौघांच्या कुटुंबाने इथे खर्च केलेल्या दर शंभर रुपयांतले किती लॉजला, किती ओटी-नारळवाल्याला, किती खाणावळीला, किती रिक्षाला आणि किती मोबाइलच्या वाटेने गावाबाहेर गेले? हा एक आकडा मला हवा आहे. आमच्याकडून इतकी माहिती नेणाऱ्यांपैकी कुणीही तो मला दिलेला नाही.

असा आकडा हातात असला की काय होते, त्याचे उदाहरण देते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी ४८ लाख आणि ओयोला १६८ कोटी ८८ लाख रुपयांचा दंड ठोठावणारा आदेश दिला. दुसऱ्या ॲपवर याहून कमी भाव लावता येणार नाही, अशा प्रकारच्या अटी हॉटेलांशी केलेल्या करारांतून काढायलाही सांगितले. त्यामागे हॉटेलवाल्यांच्या देशपातळीवरील महासंघाची तक्रार होती. महासंघाकडे वकील असतात, आकडेमोड करणारी माणसे असतात. तीर्थक्षेत्रातल्या दहा-बारा खोल्यांच्या यात्री निवासाकडे काय असते? पोलिसांना दाखवायची नोंदवही आणि जुन्या पावत्यांचे पुडके. ते पुडके वाचून अर्थ लावायचे शिक्षण तुमच्याकडे आहे. तुम्ही मात्र येऊन विचारता, सहमत की असहमत.

दुसरी तक्रार, तुम्ही कुणाला विचारता याबद्दल.

तिरुपतीच्या देवस्थानाकडून नवरात्रात अंबाबाईला शालू येतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. बालाजीचे दर्शन झाले की कोल्हापूरला येऊन जायचे, असा कित्येक घरांचा रिवाज आहे. त्यामुळे आमच्या नोंदवहीत आंध्र-तेलंगणाचे पत्ते भरपूर, सीमेपलीकडच्या कर्नाटकातले त्याहून भरपूर. प्रश्नावली मात्र इंग्रजीत, फार तर मराठीत. मग उत्तरे कोण देतो? पुण्याहून शनिवार-रविवार काढून आलेला, पन्हाळ्यावर फोटो काढून, रंकाळ्यावर भेळ खाऊन परतणारा तिशीतला नोकरदार. त्याच्या उत्तरांवरून 'कोल्हापूरला येणारा पर्यटक' असा होतो, तसा होतो, हे ठरते. गुंटूरहून आलेल्या, पायात चप्पल न घालता प्रदक्षिणा घालणाऱ्या आजी त्या अभ्यासात नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती काउंटरवर बसल्याशिवाय कळत नाही. खोली बुक करणारा आणि खोलीत राहणारा हे पुष्कळदा वेगळे असतात. हैदराबादेत बसलेला मुलगा ॲपवर फोटो बघून आई-वडिलांसाठी खोली घेतो. मजले, जिना, लिफ्ट आहे का, देऊळ चालत किती लांब, यातले त्याला काही सोसायचे नसते. सोसतात ते आई-वडील. नंतर तारे कोण देतो? पुन्हा मुलगा, आईने फोनवर सांगितलेल्यावरून. तुमचा फॉर्म विचारतो, 'आपण बुकिंग कसे केले आणि आपण किती समाधानी आहात?' इथे 'आपण' म्हणजे दोन वेगळी माणसे आहेत. याचा विचार केलेली प्रश्नावली माझ्या बघण्यात नाही.

आणि ऑनलाइन फॉर्मवरून लोक इंटरनेट किती वापरतात हे मोजायचे, यावर मी काही बोलत नाही. पुतणी खूप हसली, एवढेच सांगते.

ताऱ्यांचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करते. आमच्याबद्दल एकाने लिहिले आहे की पहाटे काकड आरतीच्या घंटेने झोपमोड झाली, म्हणून एक तारा. देवळापासून हाकेच्या अंतरावर राहायचे आणि घंटा नको, याला मी काय करावे? दुसऱ्याने दर्शनाची रांग लांब होती याचा राग आमच्यावर काढला, तिसऱ्याने पार्किंगचा. अशा एकेका ताऱ्याने धंद्याचे नेमके किती नुकसान होते? परदेशात याचा अभ्यास झाला आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी २०११ साली सिएटलच्या रेस्टॉरंटांबद्दल दाखवले की येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढते. तेही स्वतंत्र रेस्टॉरंटांचे, साखळी कंपन्यांचे नव्हे. लुकांनी मालकांना 'आपण सहमत आहात का' असे विचारले नाही. सरकारकडे असलेले उत्पन्नाचे आकडे घेतले आणि येल्प गुण अर्ध्या ताऱ्यापर्यंत पूर्णांकित करून दाखवते याचा उपयोग केला. म्हणजे खरे गुण जवळपास सारखेच, पण एकाला साडेतीन तारे दिसतात आणि दुसऱ्याला तीन. अशा दोघांच्या गल्ल्यात काय फरक पडला, ते पाहिले. वाचून मला त्या माणसाच्या डोक्याचे फार कौतुक वाटले.

मेझलिन, डोव्हर आणि शेव्हलिए या तिघांचा २०१४ चा अभ्यासही असाच. कुणीही अभिप्राय लिहू शकेल असे ट्रिपॲडव्हायझर आणि फक्त मुक्काम केलेल्यालाच लिहू देणारे एक्सपीडिया, दोन्हींवर तेच हॉटेल कसे दिसते याची त्यांनी तुलना केली. शेजारी छोटे, स्वतंत्र मालकाचे हॉटेल असेल, तर पहिल्या ठिकाणी वाईट अभिप्राय जास्त सापडले. म्हणजे त्यातले काही खोटे अभिप्राय शेजाऱ्यानेच टाकलेले असावेत. हा निष्कर्ष आमच्यासारख्या छोट्यांवरच बोट ठेवतो, तरी मला पटला. गल्लीत असे होते, हे आम्ही सगळे जाणतो आणि कुणी बोलत नाही. महाद्वार रोड, ताराबाई रोड, भाऊसिंगजी रोड, एवढ्या टापूत किती लॉज दाटीवाटीने आहेत! असा अभ्यास करायला याहून चांगली जागा कुठे मिळेल? पण त्यासाठी तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी अभिप्राय वाचावे लागतील. नुसते इंग्रजी अभिप्राय मशीनला घालून 'सकारात्मक ७० टक्के' छापण्याने काम भागणार नाही.

तिसरी तक्रार सगळ्यांत साधी आहे आणि राग तिचाच जास्त येतो. निष्कर्ष आमच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

शोधनिबंध छापून आला असे कळले, दुवा उघडला, तर समोर पैसे मागणारी खिडकी. किंमत डॉलरमध्ये. ज्या निबंधात आमची उत्तरे आहेत तो वाचायला आम्हीच पैसे मोजायचे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये. सरकारी विद्यापीठे आणि संशोधन संस्थांना १३ हजारांच्या आसपास नियतकालिके उघडली. चांगलेच झाले. पण ती दारे विद्यापीठाच्या आवारात उघडतात. आवाराबाहेरच्यांनी कराचे पैसे दिले आणि उत्तरेही दिली, ते दाराबाहेरच राहिले.

प्रबंधांसाठी शोधगंगा हे खुले संकेतस्थळ आहे, हे मला माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २००९ च्या नियमांनी प्रबंध संगणकीय रूपात जमा करायला सांगितल्यामुळे ते कुणालाही फुकट वाचता येतात. मीही त्यावर शोधले, वाचले. जाडजूड इंग्रजी प्रबंध, त्यात निम्मी पाने व्याख्यांची. शेवटच्या प्रकरणात शिफारशी: 'लॉजमालकांनी स्वतःचे संकेतस्थळ तयार करावे.' 'कर्मचाऱ्यांना संगणक प्रशिक्षण द्यावे.' 'शासनाने पायाभूत सुविधांकडे लक्ष द्यावे.' यातले कोणते वाक्य आमच्याकडून उत्तरे न घेता लिहिता आले नसते? जिल्ह्याचे नाव काढून सातारा घातले तरी एक स्वल्पविराम हलणार नाही.

विद्यार्थ्यांवर याचा सगळा दोष मी टाकत नाही. मुदत त्यांच्या डोक्यावर असते, विषय पुष्कळदा वरून आलेला असतो. प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढली, तरी घाई कमी झालेली मला दिसत नाही. विषय मंजूर करणाऱ्या समितीने एवढेच विचारावे: हाच प्रश्न, याच गावात, याच लोकांना आधी विचारला गेला आहे का, आणि तेव्हाची माहिती कुठे आहे?

चौथी तक्रार थोडक्यात. एका मुलीने नोंदवहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढू द्या म्हणून आग्रह धरला. त्या पानांवर पाहुण्यांची नावे, पत्ते, फोन, ओळखपत्राचे क्रमांक असतात. नोंदवही पोलिसांसाठी असते. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत सरकारला कळवावे लागते. ती संशोधनाची सामग्री नव्हे. मी नाही म्हटले तर ती म्हणाली, बाकीच्यांनी दिले. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे. कायद्याचे सोडा, माझ्याकडे उतरलेल्या माणसाचा आधार क्रमांक कुणाच्या लॅपटॉपमध्ये जावा हे मला चालणार नाही. आणि प्रत्येक फॉर्ममध्ये आमचा फोन नंबर सक्तीचा का असतो, हेही समजलेले नाही.

तुम्ही म्हणाल, नुसत्या तक्रारी करते, प्रश्न तरी सुचव. सुचवते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात पन्हाळा आहे. पन्हाळ्यावर फक्त तीन दरवाजा, अंधारबाव आणि सज्जाकोठीच नाही; तिथे माणसे राहतात, नगरपरिषद आहे, दुकाने आहेत. जॉर्ज डॉक्सी यांनी १९७५ साली स्थानिकांच्या मनाच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: आधी आनंद, मग बेफिकिरी, मग चीड, शेवटी वैर. तेव्हा माहिती पसरायला वर्षे लागत. आता एका रीलवर मसाई पठाराचे ठिकाण टाकले की पुढच्या रविवारी गाड्यांची रांग लागते. मग त्या चार पायऱ्या एका पावसाळ्यात उतरल्या जातात का? पन्हाळ्यावरच्या लोकांना जाऊन विचारा. मान्यता ताजी आहे तोवरच विचारा, कारण आधीची स्थिती नोंदली नाही तर नंतर तुलना कशाशी करणार?

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागले की २०१९ आणि २०२१ च्या महापुराचे जुने व्हिडिओ नव्या तारखेने फिरू लागतात. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, पाणी अजून खाली असते, देवळाकडचे रस्ते कोरडे असतात आणि इकडे आमची बुकिंगे रद्द होत असतात. खरी सूचना कुठली आणि शिळा व्हिडिओ कुठला हे बेंगळूरच्या माणसाने कसे ओळखावे? तो घाबरतो, यात त्याचे चुकत नाही. अफवेमुळे रद्द झालेली बुकिंगे आणि खऱ्या पुरामुळे रद्द झालेली बुकिंगे वेगळी काढता येतील का? पातळीचे आकडे रोजचे उपलब्ध असतात, रद्द झालेल्या बुकिंगांच्या तारखा आमच्याकडे आहेत.

तिसरा प्रश्न खोट्या नंबरांचा. नकाशावर आमच्याच नावाखाली कुणीतरी भलताच फोन नंबर टाकला, लोकांनी त्यावर आगाऊ पैसे भरले आणि रात्री बॅगा घेऊन आमच्या दारात उभे राहिले. आम्हाला खोली द्यायची इच्छा असून खोली नसते, त्यांचे पैसे गेलेले असतात, आणि शिव्या आम्ही खातो. तीर्थयात्रेच्या आणि यात्री निवासांच्या खोट्या बुकिंगबद्दल केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर विभागाने एप्रिल २०२५ मध्ये देशभर सावध केले आहे. १९३० हा तक्रारीचा क्रमांक आहे. हा नंबर मी काउंटरवर लावला आहे. पण फसणारे कोण असतात, कोणत्या भाषेत शोधताना फसतात, यावर काम झाले तर देवस्थानाला आणि पोलिसांना नेमक्या त्या भाषेत सूचना लावता येतील.

आणि चपला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर तशाच चपला दाखवल्यावर इंटरनेटवर किती गदारोळ झाला, आपण सगळ्यांनी पाहिला. त्या गदारोळातला एक रुपया तरी सुभाषनगरच्या कारागिरापर्यंत आला का? आमच्या चपलांच्या बाजारात, चप्पल लाईनीत, चार दिवस बसलात तर कळेल.

आता मागण्या.

आमच्याकडून माहिती घेतली तर तिचा दोन पानी सारांश साध्या मराठीत, प्रबंध जमा होण्याआधी, उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला मिळावा. तो दिल्याची नोंद असल्याशिवाय मार्गदर्शकांनी प्रबंधावर सही करू नये. पीडीएफ ग्रुपवर टाकलीत तरी चालेल, छापील प्रत मागत नाही.

प्रश्नावली पक्की करण्याआधी लॉजवाले, रिक्षावाले, ओटी-नारळवाले, गाइड यांच्यातल्या पाच-सहा जणांसमोर ती वाचून दाखवावी. एका दुपारचे काम आहे.

यात्रेकरूंना विचारायचे असेल तर मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतूनही, आणि तोंडी. मोबाइलवर दुवा पाठवून नव्हे.

पाहुण्यांची नावे, नंबर, ओळखपत्रे मागू नयेत. जी माहिती जमते ती ओळख पुसून पुढच्या विद्यार्थ्यासाठी खुली ठेवावी, म्हणजे तेच प्रश्न घेऊन पुन्हा पुन्हा आमच्या दारात यावे लागणार नाही.

आणि पहिला विषय गळतीचा घ्यावा. कोणत्याही एका विभागाने, कोणत्याही एका विद्यार्थ्याला द्यावा. त्यासाठी लागेल ते आम्ही देऊ. ग्रुपमधल्या काही जणांशी माझे बोलणे झाले आहे. ॲपवाल्यांकडून दर महिन्याला येणारी हिशेबाची पत्रके, थेट आलेल्या आणि ॲपवरून आलेल्या मुक्कामांचे महिन्यागणिक आकडे, जुने दरफलक, सगळे नावे झाकून द्यायची तयारी आहे. रिक्षा स्टॉपवरच्या जुन्या मंडळींशी गाठ घालून देईन. दलालीचे जुने हिशेब त्यांच्या तोंडपाठ आहेत.

यायचे तर दिवाळीची सुटी आणि नोव्हेंबरचा किरणोत्सव उरकल्यावर, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात या. नाताळची गर्दी सुरू झाली की आम्हाला बोलायला सवड नसते. दुपारी दोननंतर बरे, तोवर खोल्या रिकाम्या करून, झाडलोट होऊन चादरी बदललेल्या असतात. यायच्या आधी आम्हाला काय विचारणार ते मराठीत पाठवा, आणि या पत्राचे उत्तरही जाहीर आणि मराठीतच द्या.

आपली,
महाद्वार रोड परिसरात यात्री निवास चालवणारी एक कोल्हापूरकर